पन्नाशीत पाचारण आलं तर

रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात चहाचा कप घेऊन कुणीतरी जरा बाजूला उभं राहतं. गर्दी ओसरू देतं. मग जवळ येऊन हळूच विचारतं, "साहेब, या वयात सेवेत येता येतं का? अर्ज कुठे करायचा असतो?" गेल्या काही वर्षांत असं विचारणाऱ्यांत बँकेतले एक कॅशियर होते, निवृत्तीला आलेल्या एक शिक्षिका होत्या, मुलगा गेल्यापासून रोज पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसणारे एक गृहस्थ होते. अर्ज ही शेवटून दुसरी गोष्ट आणि राजीनामा अगदी शेवटची, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्याआधी काय काय करायचं, ते एका चहात सांगून होत नाही. म्हणून, पाळकाच्या सेवेसाठी देवाने बोलावणं, म्हणजे पाचारण, पन्नाशीत आलं तर काय करायचं, ते लिहायला घेतलं.

मी इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात २७ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. वयाच्या ५३ व्या वर्षी डीकन झालो, ही दीक्षेची पहिली पायरी, आणि पुढच्या वर्षी प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण पाळक. आमचं घराणं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. घरात मराठी, रस्त्यावर आणि चर्चमध्ये हिंदी, असं आमचं आयुष्य गेलं. इंदूर, देवास, उज्जैनच्या कितीतरी मराठी कुटुंबांचं असंच आहे. तेव्हा पुढचं सगळं त्यांना समोर ठेवून सांगतो आहे.

आधी एक वही घ्या

दोनशे पानी साधी वही पुरे. तीन महिने रोज रात्री तिच्यात एवढंच लिहा: आज माझ्याकडे कोण आलं आणि कशासाठी. पडलेली स्वप्नं लिहू नका, सुचलेले उपदेशाचे मुद्देही नकोत. फक्त माणसं लिहा. शेजारच्या काकू वीजबिलाचं विचारायला आल्या आणि नवऱ्याच्या दारूवर बोलून गेल्या. ऑफिसातला पोरगा रजेचा अर्ज लिहून घ्यायला आला आणि अर्ज झाल्यावरही अर्धा तास बसून राहिला. हे सगळं वहीत यायला हवं.

माझ्याकडे लॅबची रिपोर्ट देण्याची खिडकी होती. धार, बडवानी, झाबुआकडून आलेली माणसं तिथे ताटकळत असायची. एका संध्याकाळी बडवानीकडचा एक शेतकरी बायकोच्या बायोप्सीचा कागद घेऊन खिडकीशी परत आला. कागद इंग्रजीत होता आणि त्यात काय आहे ते मला दिसत होतं. सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मी त्याला डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेलं, बाहेर थांबलो आणि तो बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसलो. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, "आप पादरी हो क्या?" तो ख्रिस्ती नव्हता. लहानपणी त्याच्या गावाजवळ मिशनचा दवाखाना होता आणि तिथले पादरी असेच येऊन बसायचे, एवढंच त्याला आठवत होतं. मी नाही म्हणालो. पण घरी जाऊन आठवायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की हाच प्रश्न मला आधीही दोघांनी विचारला होता.

माझा अनुभव असा की उशिरा ऐकू येणारं पाचारण बहुधा जुनंच असतं. काम तुमच्या हातून आधीच चाललेलं असतं, माणसं तुमच्या दाराशी आधीच येत असतात. तुम्ही त्याला नाव दिलेलं नसतं इतकंच. पवित्र शास्त्रातला लहानगा शमुवेल तीनदा देवाची हाक ऐकून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला, कारण हाक कुणाची ते त्याला ठाऊक नव्हतं. ते एलीने सांगितलं. वही तीन महिन्यांनी वाचताना तुम्हालाही एखादा एली लागेल. मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, जुनं, तुमची खुशामत न करणारं माणूस शोधा आणि वही त्याच्या हातात द्या.

वही रिकामी राहिली तर? तर घाई करू नका. पाचारणासारख्या दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि पन्नाशीत तर त्या रांगेने येतात. नोकरीचा वीट येतो. निवृत्तीनंतर सकाळी उठून जायचं कुठे, ही धास्ती असते. अँजिओप्लास्टीच्या टेबलावर केलेला नवस असतो. कुणाला धर्मपीठावर उभं राहून बोलायची हौस असते. यातलं काहीच पाप नाही आणि देव यातूनही बोलवू शकतो, पण तेवढ्यावर घरदार हलवायचं नसतं. मी दोन साध्या कसोट्या सुचवतो. पंधरा दिवस रजा घ्या, भरपूर झोपा आणि बघा, ओढ उरते का. दुसरी अशी: आयुष्यात एकदाही उपदेश करायला मिळणार नाही, फक्त आजाऱ्यांकडे जायचं आणि खुर्च्या लावायच्या, असं कुणी सांगितलं तरी यायचं आहे का? दुसऱ्या प्रश्नाशी मी स्वतः बरेच दिवस अडून होतो.

वयाची काळजी मात्र सोडा. फारोपुढे उभा राहिला तेव्हा मोशे ८० वर्षांचा होता, असं पवित्र शास्त्रातल्या निर्गमात लिहिलं आहे. आपल्याच माणसांचं उदाहरण हवं तर नीळकंठशास्त्री गोऱ्हे घ्या. १८२५ मध्ये झाशीजवळ एका मराठी ब्राह्मण घरात जन्मले, १८४८ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नेहेम्या गोऱ्हे हे नाव मिळालं. डीकनची दीक्षा त्यांना १८६८ मध्ये मिळाली, पाळकपदाची १८७० मध्ये. बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत वीस वर्षं, आणि एवढा मोठा पंडित! तेव्हा आपल्याला दोन-तीन वर्षं थांबावं लागलं तर कुरकुरायचं कशाला?

मग घरी बोला

हे एका बैठकीत उरकत नाही. नवरा किंवा बायको, कर्ती मुलं, सोबत राहणारे आईवडील, प्रत्येकाशी वेगळं बोला. "देवाने मला सांगितलं" अशी सुरुवात करू नका. तसं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. "मला असं वाटतंय, तुला काय वाटतं?" असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारू नका.

मी बायकोला वही वाचायला दिली. तिने चार दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा मागच्या पानांवर तिने स्वतःची यादी केली होती: माझ्याकडे आलेल्या माणसांना कुणी चहा केला, जेवायला कुणी वाढलं, रडणाऱ्या बाईला आतल्या खोलीत कुणी नेलं. "तुमची सेवा अजून सुरू व्हायची आहे," ती म्हणाली, "माझी केव्हाच सुरू झाली. मला कुणी विचारलं नव्हतं." पाळकाच्या घरातल्या बाईला मंडळी न विचारता कामाला जुंपते, हे तिने तिच्या आईच्या घरी पाहिलेलं होतं. तिच्या अटी आम्ही लिहून काढल्या. सोमवार घरचा. रात्री दहानंतर तातडीशिवाय दार उघडायचं नाही. महिला संगतीचं पद तिने घ्यावं अशी अपेक्षा कुणी ठेवायची नाही. यातल्या दोन आजही पाळल्या जातात. सोमवार मात्र माझ्याकडूनच मोडतो आणि त्याबद्दल मला तिची क्षमा मागावी लागते.

१ तीमथ्य या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाने स्वतःचं घर नीट चालवलेलं असावं, असं म्हटलं आहे. त्या वाक्यावरून बाकीच्यांना पुष्कळ उपदेश होतो. पन्नाशीतल्या माणसाने तो आधी स्वतःला लावून बघावा.

पैशांचा हिशेब त्याच वहीत मांडा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, हे प्रभूचेच शब्द, लूकच्या १४ व्या अध्यायातले. घराचा हप्ता किती उरला? मुलीचं शिक्षण संपायला किती वर्षं? खासगी नोकरीत ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचा हिस्सा, कापला जात असेल तर पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षापासून सुरू होते. ५० नंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी होते. म्हणजे ५४ व्या वर्षी घेतली तर १६ टक्के कमी, आणि ती कपात कायमची. ग्रॅच्युइटीत प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरतात. आरोग्य विमा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नोकरीबरोबर कंपनीचा गट विमा संपतो, आणि पन्नाशीनंतर मधुमेह असेल तर नवी पॉलिसी महाग पडते, वर आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं. राजीनाम्याच्या दोन-तीन वर्षं आधीच घरची स्वतंत्र पॉलिसी काढून ठेवा. पाळकाचा पगार किती, राहायला घर मिळतं का, निवृत्तीचं वय काय, हे खजिनदारांना स्पष्ट विचारा. असं विचारण्याने विश्वास कमी पडतो, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

नोकरी न सोडता सेवा करणं हाही पक्का मार्ग आहे. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू शिवत होता. पेन्शनीवर घर चालतंय आणि मंडळीकडून मानधन घेत नाही, असे कितीतरी जण मध्य प्रदेशातल्या लहान मंडळ्या सांभाळतात.

पाळकांकडे जाताना काम मागा

"मला पाचारण आहे" असं सांगत गेलात तर पाळक बिचारे संकोचतात. होय म्हणावं तर जबाबदारी येते, नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. त्याऐवजी म्हणा, "एक वर्ष मला काहीतरी काम द्या, जे करायला कुणी तयार नसतं." असं काम प्रत्येक मंडळीत असतं. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडणं. शब्बाथ शाळेतली बारा-तेरा वर्षांची पोरं, ज्यांच्यापुढे तरुण शिक्षक टिकत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे दर आठवड्याला जाणं. इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयात दाखल झालेल्या बाहेरगावच्या ख्रिस्ती रुग्णांची चौकशी करणं.

इथे मराठी माणसाला एक जादा अभ्यास करावा लागतो, तो भाषेचा. आपण घरी पाचारण म्हणतो, इथल्या उपासनेत बुलाहट म्हणतात. आपली मंडळी म्हणजे त्यांची कलीसिया, ख्रिस्त म्हणजे मसीह, तारण म्हणजे उद्धार, सुवार्ता म्हणजे सुसमाचार, आपली कृपा म्हणजे त्यांचा अनुग्रह. कानाला सवय असते, पण मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की जीभ अडखळते, कारण प्रार्थना आपण आईकडून शिकलेलो असतो. हिंदी पवित्र शास्त्रातलं रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. वर्षभरात फरक पडतो. मराठीही सोडू नका. ती कुठे लागेल सांगता येत नाही.

मला ती पहिल्याच अंत्यविधीला लागली. आमचे प्रेसबिटर झाबुआकडे गेले होते आणि रेल्वेतून निवृत्त झालेले मंडळीतले एक आजोबा पहाटे वारले. फोन माझ्याकडे आला. मी तेव्हा नुसता मदतनीस होतो. विधीचं पुस्तक हिंदीत होतं, ते काखेत मारलं, घाईघाईने लिहिलेला लांबलचक उपदेश खिशात घातला आणि निघालो. चुका इतक्या केल्या की आजही नव्या माणसाला शिकवताना मी त्याच दिवसापासून सुरुवात करतो.

पहिली चूक उशिरा पोचण्याची. शवपेटी येऊन पोचली होती, आंघोळ घालून झाली होती, घरच्यांच्या पहिल्या रडण्याच्या वेळी तिथे कुणीच नव्हतं. बातमी कळली की दहा मिनिटांसाठी का होईना, लगेच जा. प्रार्थना लहान करा, बसा आणि मग कामाचं विचारा: मुलगी बाहेरगावाहून येते आहे का, किती वाजता पोचेल, बर्फाची किंवा फ्रीझरची सोय झाली का, कबर खणायला कुणाला सांगितलं, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला हातात आहे का. दाखल्यावाचून पुढचं नगर निगमचं प्रमाणपत्र अडतं आणि पेन्शन, बँक, विमा सगळं त्यावर टांगलेलं असतं. दुःखातल्या माणसाला हे सुचत नाही. तुम्हाला सुचलं पाहिजे.

दुसरी चूक उपदेशाची. पावसाळ्याचे दिवस, कबरीच्या कडेची ओली माती सुटून आत पडत होती, खणणारी माणसं फावडी धरून उभी आणि मी पुनरुत्थानाचा तिसरा मुद्दा समजावतो आहे. थोरल्या मुलाने शेवटी माझ्या कोपराला हात लावला. कबरीजवळ पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. वचन वाचा, मातीला माती, प्रार्थना, आशीर्वाद, बस.

तिसरी चूक माझ्या लक्षातही आली नसती. पेटी उचलायच्या आधी आजोबांच्या पत्नी म्हणाल्या, "आपल्यातलं काहीतरी म्हणा ना." मी हिंदी पुस्तकात पान शोधायला लागलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि खोलीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी आवाज मिळवला. मुलं, नातवंडं हिंदीत वाढलेली, ती गप्प उभी होती. पासष्ट वर्षांचा संसार मराठीत केलेल्या बाईला निरोपही मराठीतच द्यायचा होता. त्यानंतर कुठल्याही घरी गेलो की मी आधी विचारतो, प्रार्थना कुठल्या भाषेत करू.

आणि हो, "देवाची इच्छा होती" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. म्हणायचं असेल तर घरचेच म्हणतील.

वर्षभर हे केल्यावर दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर तुम्ही थकून, पण मोकळ्या मनाने सांगता की हे आपलं काम नव्हे, आणि तेही फार चांगलं झालं. नाहीतर लोकच पाळकांना म्हणायला लागतात, "यांना पुढे का पाठवत नाही?" दुसऱ्याच्या तोंडून हे आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

कुठल्या दारातून जायचं

कनेडियन प्रेसबिटेरियन मिशन इंदुरात १८७७ मध्ये आलं आणि इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये सुरू झालं. त्या मिशनची परंपरा पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये, मिळाली. सीएनआय नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चच्या ऐक्यातून बनलं. तिथे बिशप, प्रेसबिटर आणि डीकन अशी रचना आहे आणि स्त्रियांनाही दीक्षा मिळते. वाट साधारण अशी: पास्टोरेट कमिटीची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या समितीची शिफारस, डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या विभागाच्या समितीपुढे मुलाखत, शिक्षण, उमेदवारीचा काळ, डीकन आणि मग प्रेसबिटर. वयाची अट डायोसिसच्या कार्यालयात विचारून घ्या. कानावर आलेल्या आकड्यांवर विसंबू नका. मेथडिस्टांकडे लोकल प्रीचरची जुनी परंपरा आहे. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उपदेश करणाऱ्याला तिथे रीतसर जागा आहे.

कॅथलिक वाचकांसाठी गोष्ट वेगळी. विवाहित पुरुषाला लॅटिन परंपरेत धर्मगुरू होता येत नाही. विधुर झालेला, मुलं मार्गी लागलेली, असा माणूस बिशपांशी बोलू शकतो. स्थायी डीकनपद विवाहितांसाठी आहे, त्यात वय किमान ३५ आणि पत्नीची संमती हवी असं धर्मकायदाच सांगतो. मात्र प्रत्येक धर्मप्रांतात ते सुरू असतंच असं नाही. धर्मशिक्षकाच्या सेवेला पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी औपचारिक दर्जा दिला आणि तो प्रापंचिकांसाठी, स्त्रीपुरुष दोघांसाठी आहे. धर्मभगिनींचे बहुतेक संघ तरुण वयातच प्रवेश देतात, म्हणून पन्नाशीतल्या बाईने निराश होऊ नये. उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया यांचं काम आठवावं. गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्याचं ते काम होतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी याच शहरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. त्यांनी बायकांचे बचतीचे गट बांधले, बँकेचे कागद भरून दिले. तसले कागद भरायला आजही माणसं हवी आहेत.

स्वतंत्र मंडळ्यांत सोमवारी ठरवलं तर रविवारी पाळक होता येतं. म्हणूनच तिथे जास्त जपा. तुमच्या वरती कोण, पैशाचा हिशेब कोण तपासतं, तुम्ही चुकलात तर कुणी सांगायचं? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर त्या दारातून आत जाऊ नका.

अभ्यास

पदवीधराला सेरामपूरच्या सिनेटची बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, करता येते. सेरामपूर कॉलेज १८१८ चं, त्याला पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिला. बीडीसाठी जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आपल्या राज्यातच आहे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. इंदूर-पुणे गाडी रात्रीत पोचवते, पण वसतिगृहात तीन-चार वर्षं राहणं संसारी माणसाला जड जातं. त्यांच्यासाठी दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. बेंगळुरूची टॅफ्टी ही संस्था १९७१ पासून घरी राहून शिकवते: आठवडाभर स्वतः वाचायचं, आठवड्यातून एकदा शिक्षकासोबत गटात बसायचं. मी असाच शिकलो, रात्रपाळीनंतर, लॅबच्या मागच्या खोलीत.

ग्रीक आणि इब्रीची भीती वाटते. पंडिता रमाबाईंनी पन्नाशीच्या आसपास केडगावला शेकडो मुलीबायकांचा व्याप सांभाळत त्या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत तेच काम चाललं होतं. आपल्याला तर फक्त वर्णमाला आणि थोडं व्याकरण हवं असतं. पाठांतर पूर्वीसारखं होत नाही हे खरं. मी अक्षरं मोठी लिहून फ्रिजवर चिकटवली होती. पण सगळं गमावलेल्या योबाचं पुस्तक पंचवीस वर्षांच्या मुलाला जसं कळतं त्याहून वेगळं ते आपल्याला कळतं, आणि वर्गातल्या मुलांना ते ऐकायचं असतं.

कायदा माहीत करून घ्या

मध्य प्रदेशात धर्म स्वातंत्र्य अधिनियम २०२१ लागू आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्यानेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणं त्यात बंधनकारक केलं आहे. विधी करणाऱ्याने न कळवल्यास त्याला तुरुंगवास होऊ शकतो. या कायद्यावर न्यायालयात वाद चालू आहेत, तेव्हा बाप्तिस्म्याची विनंती घेऊन कुणी आलं तर स्वतःच्या बुद्धीने काही करू नका. प्रेसबिटर आणि वकील, दोघांना विचारा. रुग्णालयात रुग्णाने मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करू नका, पत्रकं वाटू नका, पैसे किंवा औषध देताना धर्माचा शब्दही काढू नका. सावधगिरी म्हणून तर हे हवंच, पण अडलेल्या माणसाच्या असहायतेचा फायदा घेणं प्रभूलाही मान्य नाही.

लग्नाचं असं: भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ प्रमाणे अधिकार असलेल्यानेच लग्न लावायचं. ज्याला अधिकार नाही त्याने लावलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भाच्याच्या लग्नात कुणी आग्रह केला तरी हात जोडा आणि मागे सरा.

नकार मिळाला तर

मला पहिल्यांदा नकारच मिळाला. समितीतले एक सदस्य म्हणाले की वय जास्त आहे, शिकवण्यावर खर्च करून किती वर्षं मिळणार? मला ते फार लागलं. दोन रविवार मी मागच्या बाकावर बसलो. तिसऱ्या आठवड्यात एका आजीबाईंचा नातू बोलवायला आला, "आजी विचारतेय, तुम्ही मंगळवारी का नाही आलात?" समितीने मला दीक्षा नाकारली होती. मंगळवार कुणीच नाकारला नव्हता. मी गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तोवर पास्टोरेट कमिटीतल्या तिघांनी आपणहून पत्रं लिहिली होती.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, ३३ व्या वर्षी. पुढे कितीतरी वर्षं मिशनच्या नोकरीत काढून १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ती सोडली आणि 'देवाचा दरबार' हा भक्तसमुदाय सुरू केला. उरलेली दोनच वर्षं होती, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. किती वर्षं मिळतील हा हिशेब समितीने करावा, तो तिचा धर्म आहे. आपण तो करू नये.

राजीनामा, आणि पिशवीत काय ठेवाल

दीक्षेची तारीख लेखी हातात आल्यावर राजीनामा द्या. नोटिशीचा काळ पूर्ण भरा, हाताखालच्या माणसाला काम शिकवून या. जुन्या ऑफिसात तुमच्याबद्दल काय बोललं जातं, तीच तुमची पहिली साक्ष असते.

घरभेटीच्या पिशवीत मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र ठेवा, मराठी आणि हिंदी दोन्ही. वाचायचा चष्मा, जादा एक, कारण म्हाताऱ्यांना स्वतः वाचायचं असतं आणि त्यांचा सापडत नाही. पाण्याची बाटली. कोरे कागद आणि पेन, अर्ज लिहून द्यायला. आणि ती जुनी वही. तिच्या शेवटच्या पानांवर आता एक नवी यादी करा: कुणाच्या घरचं कोण, कुठल्या तारखेला गेलं. पहिल्या महिन्यात सगळे येतात, चाळिसाव्या दिवशी बरेच येतात. वर्षाने त्या तारखेला सहसा कुणाचा फोन येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन करा. काय बोलायचं ते ठरवून ठेवू नका. "काकू, आज आठवण झाली," एवढं म्हणा आणि फोन कानाला धरून बसा.